विश्लेषण : वसतिगृहाच्या वायफायवर यूट्यूब चालते, मग गेम का अडतो?

वसतिगृहात नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांची एक तक्रार ठरलेली असते. वायफायवर चित्रपट न अडखळता दिसतो, व्हिडीओ कॉलही लागतो. पण गेम सुरू केला की पडद्यावर नुसते चाक फिरत राहते. दोष बहुतेकदा वेगाला दिला जातो. प्रत्यक्षात सामना खेळताना लागणारा डेटा व्हिडीओच्या तुलनेत फारच थोडा असतो. (गेम डाउनलोड करणे वेगळे. मोठे गेम १०० जीबीच्याही पुढे जातात.) मग घोडे अडते कुठे?

बंदी असते का?

काही ठिकाणी ती उघड असते. आयआयटी मुंबईने मार्च २००७ मध्ये वसतिगृहांतील इंटरनेट रात्री ११ ते दुपारी १२.३० या वेळेत बंद केले होते. रात्रभर गेम आणि सर्फिंग केल्याने विद्यार्थी तासांना येत नाहीत, एकमेकांत मिसळत नाहीत, असे कारण तेव्हा दिले गेले. आजच्या फायरवॉलला इतकी सरसकट कात्री लावावी लागत नाही. ‘गेम्स’ हा वर्ग तेवढा बंद करता येतो किंवा रात्री ठरावीक तास खुला ठेवता येतो.

बंदी नसतानाही अडथळा का?

वेबसाइट प्रामुख्याने ८० आणि ४४३ क्रमांकांच्या पोर्टवरून चालतात. अनेक संस्था तेवढेच दरवाजे उघडे ठेवतात. यूट्यूब किंवा व्हिडीओ कॉलला दुसरी वाट बंद दिसली तर ते निमूट ४४३ वर येतात. गेमचे तसे नाही. प्रत्येक क्षणाची हालचाल पोहोचवायची असल्याने ते पोचपावतीची वाट न पाहणारी ‘यूडीपी’ पद्धत आणि स्वतःचे पोर्ट वापरतात. एक्सबॉक्सचे ३०७४ हे त्यातले ठळक उदाहरण.

‘नॅट’ची भानगड काय?

शेकडो खोल्यांतील उपकरणे बाहेरच्या जगाला मोजक्याच पत्त्यांवरून दिसतात. या व्यवस्थेला ‘नॅट’ म्हणतात. तिचे काम वसतिगृहाच्या वॉचमनसारखे चालते : आतल्याने बोलावलेल्याला प्रवेश, न बोलावता आलेल्याला परत पाठवणी. वेबसाइट बघताना याने काही बिघडत नाही. पण काही गेममध्ये खेळाडूंची यंत्रे एकमेकांशी थेट बोलतात आणि तिथे समोरचा खेळाडू ‘न बोलावलेला’ ठरतो. गेम सुरू होतो, मात्र मित्राचा आवाज येत नाही किंवा त्याच्या गटात शिरता येत नाही. एक्सबॉक्स अशा वेळी ‘स्ट्रिक्ट’ दाखवतो, प्लेस्टेशन ‘टाइप ३’. घरचा राउटर ‘यूपीएनपी’ या सोयीने वाट आपोआप उघडून देतो. कॅम्पसमध्ये ती सुरक्षेसाठी बंद असते, आणि ते योग्यच आहे.

मोबाइलचा हॉटस्पॉट अनेकांचा आधार असतो. पण मोबाइल कंपन्याही नॅट वापरतात, त्यामुळे ‘स्ट्रिक्ट’ तिथेही पाठ सोडेलच असे नाही.

कन्सोल जोडलाच जात नाही, तेव्हा?

अमेरिकेत शिकायला गेलेल्या मराठी मुलांनाही हा अनुभव येतो. विद्यापीठाचे वायफाय प्रत्येकाचे स्वतंत्र युजरनेम-पासवर्ड मागते. प्लेस्टेशन, एक्सबॉक्स किंवा स्विचमध्ये तशा लॉगिनची सोयच नाही. म्हणून अनेक विद्यापीठे उपकरणाचा ‘मॅक’ पत्ता नोंदवून घेतात. तो कन्सोलच्या नेटवर्क सेटिंगमध्ये सापडतो. फोन नोंदवायचा असेल, तर एक खाचखळगा आहे. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन वायफायला खरा मॅक पत्ता न देता बनावट देतात. त्या नेटवर्कपुरता तो पर्याय बंद केल्याशिवाय नोंदणीचा उपयोग नाही.

व्हीपीएन वापरावे का?

भारतात व्हीपीएन बेकायदा नाही. मात्र संस्थेच्या नियमांत त्याला मनाई असेल, तर खाते बंद होण्याची टांगती तलवार राहते. लॉगिन स्वतःच्याच नावाने असल्याने कोणाच्या खात्यावरून व्हीपीएन चालले, हे शोधायला वेळ लागत नाही. आणि त्याच खात्यावर परीक्षेचे अर्ज, असाइनमेंटही असतात. शिवाय सर्व्हर दूरचा असेल तर डेटा वळसा घालून जातो आणि पिंग वाढते.

त्यापेक्षा संगणक केंद्राला लेखी विनंती केलेली बरी. ‘गेम चालत नाही’ एवढ्यावर कोणी हलत नाही. गेमचे नाव, कंपनीच्या मदत पानावरील पोर्टची यादी आणि हवी असलेली वेळ, समजा रात्री ९ ते ११, असे दिले तर नियम बदलणे काही मिनिटांचे काम असते. महाविद्यालयाचा ई-स्पोर्ट्स संघ असल्यास मागणीला वजन येते. केंद्राने डिसेंबर २०२२ मध्येच ई-स्पोर्ट्सला बहुक्रीडा स्पर्धांच्या प्रकारांत स्थान दिले आहे. पैसे लावून खेळायच्या गेमसाठी मात्र असा अर्ज करून उपयोग नाही. त्यांच्यावर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या कायद्यानेच बंदी घातली आहे.