विषाद: दुखणें कीं दुर्गुण?

भरल्या घरांत एखाद्यास ताप आला, तर सारें घर जागें होतें. कोणी काढा उकळतें, कोणी डॉक्टरांकडे धांवतें, कोणी उशाशीं बसतें. परंतु त्याच घरांतील एखाद्याचें मन खचलें, तो बोलेनासा झाला, पानावरून अर्धपोटीं उठूं लागला, तर तेंच घर म्हणतें, 'आळशी झाला आहे,' 'सगळें सुखाचें असून याला झालें तरी काय?' तापाला दुखणें मानणारें घर विषादाला दुर्गुण कां मानतें, या प्रश्नाचा विचार आज आम्हांस वाचकांपुढें मांडावयाचा आहे.

तो मांडण्याचा अधिकार आम्हांला चुकल्यामुळेंच आला आहे. पुष्कळ वर्षांपूर्वीं आमचे धाकटे बंधु असेच मूक झाले. नोकरी चांगली, प्रपंच नेटका, उणें कांहीं नव्हतें. तरीहि पहाटे तीनला जागे होऊन ते छताकडे पाहत पडत. आवडीची पुरणपोळीहि त्यांना बेचव लागे. जन्मभर वर्गावर शिकवीत आलेल्या आम्हांस एकच औषध ठाऊक, तें म्हणजे उपदेश. गीतेचा पहिला अध्याय अर्जुनाच्या विषादाचाच, हें समजावून 'ऊठ, कामाला लाग' असें आम्ही रोज सांगूं लागलों. एके संध्याकाळीं ते म्हणाले, "दादा, तुम्ही सांगतां तें सारें पटतें; पण उठवत नाहीं." मग थोडें थांबून, भिंतीकडे पाहत म्हणाले, "मी नसलों तर घराचा भार हलका होईल." तें ऐकल्यावर आमचा उपदेश जो थांबला तो कायमचाच.

दुसऱ्याच दिवशीं आम्हीं त्यांना एका वृद्ध वैद्यबुवांकडे नेलें. त्यांनीं नाडी पाहिली. झोंप, भूक, कोठा यांची चौकशी केली. 'जीव नकोसा वाटतो काय?' असेंहि सरळ विचारलें. नंतर ते आम्हांस म्हणाले, "हें दुखणें आहे, मास्तर. मी माझें करीनच. पण आजच्या आज मनोविकारांच्या डॉक्टरांना दाखवा, आणि यांना एकटें ठेवूं नका. त्यांच्या गोळ्या मला कळवा व माझें औषध त्यांना कळवा."

त्या रात्रीं आम्हीं चरकसंहिता उघडली, आणि वाचतां वाचतां आमची आम्हांलाच लाज वाटली. सूत्रस्थानाच्या विसाव्या अध्यायांत वाताचे ऐंशीं विकार मोजले आहेत. त्यांत कंप आणि उचकी यांच्याच पंक्तीस विषाद, अनिद्रा व चित्ताची अस्थिरता हीं बसविलीं आहेत. पंचविसाव्या अध्यायांत तर रोग वाढविणाऱ्या गोष्टींत विषादास अग्रस्थान दिलें आहे. म्हणजे ग्रंथकारांनीं त्याची गणना रोगांतच केली आहे. मात्र आज ज्यास आपण नैराश्य किंवा डिप्रेशन म्हणतों तें व ग्रंथांतील विषाद हीं तंतोतंत एकच, असें समजूं नये. एका जागीं बसून राहणें, न बोलणें, अन्नावर वासना नसणें, एकांत आवडणें हीं लक्षणें कफज उन्मादाच्या वर्णनांतहि आढळतात. थायरॉईडच्या मंदपणांतहि मनुष्य असाच दिसूं शकतो. म्हणून निदान घरच्या घरीं करूं नये.

चरकांनीं चिकित्सा त्रिविध सांगितली आहे: जप, व्रत, होम इत्यादींची दैवव्यपाश्रय, आहार व औषध यांच्या योजनेची युक्तिव्यपाश्रय, आणि अहितकर विषयांपासून मन आवरण्याची सत्त्वावजय. मनाच्या दोषांवर ज्ञान, विज्ञान, धैर्य, स्मृति व समाधि हे उपाय सांगितले आहेत. येथेंच आमच्यासारख्यांची चूक होते. ज्याचें धैर्य संपलें आहे, त्याच्यापाशींच आपण धैर्य मागतों. वास्तविक तें त्यास इतरांनीं पुरवावयाचें असतें.

वात हा रूक्ष, शीत व चंचल. म्हणून त्यावर स्निग्ध, उष्ण व नियमित असा उपचार. वैद्यबुवांनीं ठरल्या वेळीं मऊ भात, मुगाचें वरण व साजूक तूप, कोमट तिळेलाचा अभ्यंग, सकाळीं कोणाच्या तरी सोबतीनें फिरणें आणि रात्रीं वेळेवर दिवा मालवणें एवढेंच सांगितलें. कफप्रधान रोग्यास हेंच तूप अहितकर ठरेल, हेंहि त्यांनीं बजावलें. आमच्या मातोश्री रोज रात्रीं बंधूंच्या तळपायांना काशाच्या वाटीनें तूप चोळीत, आणि कांहींएक विचारीत नसत. आमच्या सर्व व्याख्यानांनीं जें झालें नाहीं, तें त्या अर्ध्या तासानें होऊं लागलें: त्यांना झोंप येऊं लागली.

औषधांविषयीं दोन शब्द. मंडूकपर्णीचा रस, दुधांतून ज्येष्ठमधाचें चूर्ण, गुळवेलीचा रस व शंखपुष्पीचा कल्क हीं चार मेध्य रसायनें चरकांनीं सांगितलीं आहेत. परंतु वनस्पति म्हणजे निरुपद्रवी, हा समज खोटा आहे. ज्येष्ठमध फार दिवस घेतल्यास रक्तदाब वाढूं शकतो. सर्पगंधेची कथा तर अधिक बोधप्रद आहे. १९३१ सालीं गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं उन्माद व रक्तदाब यांवरील तिचा उपयोग प्रसिद्ध केला. १९५२ सालीं स्वित्झर्लंडमध्यें तिच्या मुळांतून रिसर्पिन हें द्रव्य वेगळें काढण्यांत आलें. परंतु त्याच दशकांत, तें घेणाऱ्या कांहीं रोग्यांना विषादानें ग्रासल्याच्या नोंदी डॉक्टरांनीं केल्या. कार्यकारणाविषयीं पुढें मतभेद झाले, तरी सावधगिरीचा धडा राहिलाच. तसेंच डॉक्टरांच्या गोळ्यांचा गुण दिसण्यास कित्येक आठवडे लागतात, आणि बरें वाटतांच त्या आपल्या मनानें एकदम बंद करणें धोक्याचें असतें.

बंधूंना बरे होण्यास आठ महिने लागले. मध्यंतरीं एकदां ते पुन्हां खालावलेहि. घरानें तेवढें थांबावयास शिकलें पाहिजे. आपल्या घरीं कोणी असा मूक झाला असेल, तर त्याच्याजवळ बसावें आणि मरणाचे विचार येतात काय, हें न भितां विचारावें. विचारल्यानें ते वाढत नाहींत. 'होय' असें उत्तर आल्यास त्यास एकटें सोडूं नये व त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा दूरध्वनि क्रमांक २०२२ सालापासून अहोरात्र उपलब्ध आहे. उपदेशास पुढें पुष्कळ दिवस मिळतात. त्यासाठीं आधीं माणूस राहिला पाहिजे.