रुतलेल्या यंत्रांचा उद्धार व जुने लष्करी ट्रक

प्रस्तुत लेखाचा विषय पाहून वाचकांस प्रथमदर्शनीं आश्चर्य वाटण्याचा संभव आहे. पोथ्या, सनदा, ताम्रपट व शिलालेख यांच्या संग्राहकांस चिखलांत रुतलेल्या लोखंडी यंत्रांशीं काय कर्तव्य, अशी शंका सहज येईल. तथापि ज्या वस्तूवर कर्त्याचें नांव आहे, क्रमांक आहे, आणि जिच्या अंगावर तिच्या आयुष्यांतील फेरफारांच्या खुणा उमटलेल्या आहेत, ती वस्तु इतिहासाचें साधनच होय. मग अक्षर कागदावर असो कीं लोखंडावर. इंग्लंडांत अशीं टाकून दिलेलीं अवजड यंत्रें जुन्या लष्करी ट्रकांवरील रहाटांनीं ओढून काढण्याची एक रीत दुसऱ्या महायुद्धानंतर रूढ झाली. तिचें स्वरूप काय, तिचें गणित काय, आणि तींत साधनाचा नाश नेमका कोठें होतो, हें येथें सांगावयाचें आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, अनेक वर्षांच्या चिखलानें यंत्राची जी हानि होत नाहीं, ती उतावळेपणानें ताणलेला दोर घटकाभरांत करतो.

अवजड लोखंड व धातु हलविण्याचा प्रश्न आपणांस नवा नाहीं. १५४९ सालीं अहमदनगरास ओतलेली मलिक-इ-मैदान ही सुमारें ५५ टनांची तोफ १६३२ सालीं परांड्याहून विजापुरास नेली गेली. त्या कामीं १० हत्ती, ४०० बैल व शेंकडों माणसें लागलीं अशी परंपरा आहे. हीच तोफ पुढें १८५४ सालीं लिलावास निघाली असतां बोली अवघ्या १५० रुपयांची आली, आणि ती फारच अल्प वाटल्यामुळें विक्री रहित झाली, असें सांगतात. बोली थोडी चढती तर तोफेबरोबर तिच्यावरील लेखहि भट्टींत गेले असते. धातूच्या भावानें वस्तूचें मोल ठरूं लागलें म्हणजे साधनांची काय गति होते, हें या एका उदाहरणावरून ध्यानांत यावें.

इंग्लंडांतील वाफेच्या यंत्रांवर हाच प्रसंग आला. त्यांपैकीं नांगरणीचीं इंजिनें आमच्या विषयास विशेष अनुरूप आहेत. जॉन फाउलर याच्या वाफेच्या नांगरास १८५८ सालीं रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचें ५०० पौंडांचें पारितोषिक मिळालें, आणि लीड्स येथील त्याच्या कारखान्याचीं इंजिनें पुढें देशोदेशीं गेलीं. शेताच्या दोन टोकांस दोन इंजिनें उभीं करीत. प्रत्येकाच्या बॉयलरखालीं पोलादी दोराचा आडवा ढोल असे. आळीपाळीनें दोर गुंडाळून नांगर या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढला जाई. म्हणजे जें यंत्र आज दुसऱ्याच्या रहाटानें ओढून काढावें लागतें, तें मुळांत स्वतःच एक रहाट होतें. मोठ्या इंजिनाचें वजन सुमारें २० टन. पहिल्या महायुद्धानंतर तेलावर चालणारे ट्रॅक्टर आले आणि हीं इंजिनें मागें पडलीं. १९३९ ते १९४५ च्या युद्धांत कित्येक मोडींत गेलीं. जीं उरलीं तीं कुंपणाच्या कडेस, राईंत, ओढ्याकांठीं गंजत पडलीं. १९५० सालीं ॲपलफर्ड या गांवीं आर्थर नॅपर या शेतकऱ्यानें व त्याच्या एका स्नेह्यानें दारूच्या एका पिंपाच्या पैजेवर दोन जुन्या इंजिनांची शर्यत लाविली; त्या विनोदांतून लोकांची दृष्टि या वस्तूंकडे वळली, आणि १९५४ सालीं त्यांच्या रक्षणार्थ नॅशनल ट्रॅक्शन इंजिन क्लब ही संस्था निघाली.

याच सुमारास लष्करी ट्रक सामान्य जनांच्या हातीं आले. युद्ध संपल्यावर सरकारनें आपलीं जादा वाहनें लिलावांत विकलीं. नॉटिंगहॅमशरमधील रडिंग्टन येथील लिलाव यासाठीं प्रसिद्ध होते. त्यांतील तीनचार जाति वाचकांनीं ध्यानांत ठेवाव्या. एईसी कंपनीचा मॅटडोर हा तोफा ओढण्यासाठीं केलेला, चारहि चाकांस गति असलेला, ९५ अश्वशक्तीच्या डिझेल इंजिनाचा ट्रक. त्याच्या विंचाची, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या रहाटाची, ओढ ७ टनांची व दोर सुमारें ७६ मीटर. युद्धानंतर लांकडाच्या व्यापाऱ्यांनीं रानांतील ओंडके ओढण्यास तो अनेक वर्षें वापरला. वॉटफर्ड येथील स्कॅमेल कंपनीचा पायोनियर हा सहा चाकांचा. गार्डनर कारखान्याचें १०२ अश्वशक्तीचें इंजिन, ८ टनांचें विंच, आणि खांचखळग्यांत प्रत्येक चाक जमिनीस टेकून राहील अशी मागील आंसांची रचना. चाल बैलगाडीची म्हणावी, पण चिकाटीहि बैलाचीच. अमेरिकेंतील डायमंड टी ९८० हा रणगाडे वाहणारा ट्रक २०१ अश्वशक्तीचा असून त्याचें विंच ४०,००० पौंडांचें आहे. तर जीएमसीच्या सहा चाकी ट्रकापैकीं ज्यांस पुढें विंच असे तें १०,००० पौंडांचें. आज हे ट्रक स्वतःच पुराणवस्तु झाले आहेत. एक पुराणवस्तु दुसरीस हात देते, हा या व्यवसायांतील मौजेचा भाग आहे, आणि, पुढें दिसून येईल त्याप्रमाणें, धोक्याचाहि.

विंचाचा मुख्य गुण बळ हा नव्हे, तर सावकाशपणा. ट्रक कठीण भूमीवर स्थिर उभा राहतो. चिखलांत फक्त दोर जातो. ट्रकास साखळी बांधून धांव घेतल्यास एका हिसक्यांत जें बळ पडतें त्याचें मोजमाप करतां येत नाहीं, आणि जुनें बीड हिसका सोसत नाहीं. तें वांकण्यापूर्वींच तडकतें. विंचानें दोर बोटाबोटानें घेतां येतो, मध्येंच थांबतां येतें, आणि थांबून पाहतां येतें.

आतां गणित. अमेरिकन लष्कराच्या पुस्तिकांत एक स्थूल नियम दिलेला असतो: वाहन चाकांपर्यंत रुतलें असल्यास तें काढण्यास त्याच्या वजनाइतकें बळ लागतें, चाकांवरील पंखांपर्यंत रुतल्यास दुप्पट, चालकाच्या खोलीपर्यंत रुतल्यास तिप्पट. हा नियम फिरत्या चाकांच्या वाहनांचा आहे. ज्याचीं लोखंडी चाकें आंसावर गंजून बसलीं आहेत, त्याविषयीं हा आंकडा किमान समजावा. शिवाय बॉयलरमध्यें पाणी व गाळ सांचलेला असल्यास त्याचें वजन वेगळें. तो आधीं काढून टाकावा.

समजा, २० टनांचें इंजिन चाकांपर्यंत रुतलें आहे व आपल्याजवळ ८ टनांचें विंच आहे. सरळ ओढीनें हें होणें नाहीं. म्हणून कप्प्या योजाव्या लागतात. दोर इंजिनावरील कप्पींतून मागें आणून खुंटावरील कप्पींत, तेथून पुन्हां इंजिनावरील दुसऱ्या कप्पींत, आणि शेवटीं त्याचें टोंक खुंटास, अशी जोडणी केल्यास चार पदर इंजिनास ओढतात. प्रत्येक कप्पीगणिक घर्षणासाठीं भाराचा दहावा भाग धरण्याचा प्रघात आहे. तीन कप्प्यांचे ६ टन मिळवून २६ झाले; त्यांस चारांनीं भागितां विंचावर साडेसहा टन येतात. काम आवांक्यांत आलें. परंतु फुकट कांहींच मिळत नाहीं. इंजिन १ मीटर सरकण्यास ४ मीटर दोर गुंडाळावा लागतो. ७६ मीटरांचा दोर जेमतेम १९ मीटर अंतरास पुरतो. विंचाची नमूद ओढ ढोलावरील पहिल्या थराची असते; थरावर थर चढले कीं ती घटते. आणि ढोलावर निदान चार वेढे कायम राहिले पाहिजेत, नाहींतर सर्व भार दोराच्या टोंकाच्या खिळीवर येतो.

खुंटाचा विचार नवशिके सर्वांत शेवटीं करतात. तो सर्वांत आधीं केला पाहिजे. वरील जोडणींत इंजिनावरील ओढीचा सुमारें तीन चतुर्थांश भार खुंटास सोसावा लागतो, ट्रकास केवळ एका पदराचा. जिवंत झाड योजल्यास सालीस रुंद पट्टा गुंडाळावा. नुसता पोलादी दोर साल कापून झाड मारतो. झाड नसल्यास ओढीच्या दिशेस आडवा चर खणून त्यांत जाड ओंडका पुरावा आणि दोरासाठीं तिरपी वाट ठेवावी. खुंट उपटला तर कप्पी, साखळी व ओंडका गोळ्यासारखे सुटतात.

येथें मनुष्याच्या जीविताचा प्रश्न येतो. ताणलेला पोलादी दोर तुटला म्हणजे दोन्ही बाजूंस चाबकासारखा फिरतो. म्हणून ताणलेल्या दोराच्या लांबीइतक्या अंतराच्या आंत कोणींहि उभें राहूं नये. कप्पीवरून वळलेल्या दोराच्या कोनांत तर मुळींच नाहीं. ताणलेला दोर ओलांडूं नये, हातमोज्यांवांचून धरूं नये, आणि खुणा करणारा मनुष्य एकच असावा. जुन्या ट्रकाच्या बाबतींत दक्षता अधिक पाहिजे, कारण दोर बाहेरून तेलकट व धड दिसला तरी आंतून गंजलेला असूं शकतो. ट्रक जुना असावा, दोर नवा असावा. जीएमसीच्या विंचास एक मऊ खिळी असे, ती भार अति झाला कीं आपण तुटून बाकीचें यंत्र वांचवी. ती वारंवार तुटते म्हणून तेथें कठीण पोलादाचा बोल्ट घालणारे शहाणे त्या काळींहि होते व आजहि आहेत. त्यांनीं खिळी वांचविली. परंतु त्यानंतर तुटावयाचें तें दुसरेंच कांहीं तरी.

आतां आम्ही ज्या मुद्यासाठीं लेखणी हातीं घेतली त्याकडे वळतों. दमट जागेंतून निघालेल्या पोथीचीं पानें एकमेकांस चिकटलेलीं असतां जो संग्राहक तीं नखानें उकलूं लागतो, त्यास आपण काय म्हणतों हें सांगणें नको. रुतलेल्या यंत्राविषयीं हाच विवेक हवा. दोर लावण्यापूर्वीं यंत्र आहे त्या स्थितींत सर्व बाजूंनीं छायाचित्रित करावें. तें कोणत्या दिशेस तोंड करून, किती खोल, कोणत्या कोनांत आहे हें मोजून लिहावें. पितळी तोट्या, तेलाचीं भांडीं, क्रमांकाची पाटी हीं गळून भोंवतालच्या मातींत पडलेलीं असतात; ती माती चाळावी. बॉयलरवरील जुन्या आवरणांत ॲसबेस्टस असण्याचा संभव असतो, म्हणून तें जाणत्यावांचून कोणीं खरवडूं नये.

क्रमांकाचें महत्त्व तर विशेष. फाउलर कंपनीचे कागद आज रेडिंग येथील इंग्रजी ग्रामजीवनाच्या संग्रहालयांत आहेत. यंत्रावरील क्रमांक हातीं आला तर दफ्तराशीं ताडून त्याचा मूळ वृत्तांत शोधतां येतो. क्रमांक गेला तर उरतें तें केवळ लोखंड. त्यांतहि पाटीवर एकदम विश्वास ठेवूं नये. दुरुस्तींत एका इंजिनाचे भाग दुसऱ्यास लावीत. त्यामुळें पाटीचा क्रमांक एक आणि निरनिराळ्या भागांवर ठोकलेले क्रमांक वेगळे, असें आढळतें. अनेक प्रतींवरून सिद्ध झालेल्या संकरित पोथीसारखेंच हें होय. येथें पाठभेद टिपावयाचे असतात, पुसावयाचे नसतात. ओढतांना मोडलेला व टाकून दिलेला एखादा भाग हा हरवलेल्या पानाइतकाच भरून न येणारा आहे.

म्हणून दोर कोठें बांधावा हें महत्त्वाचें. धुराडें, पायऱ्या, सुकाणूच्या सांखळ्या, बॉयलरचे जोड यांस तो कदापि लावूं नये. जेथें मूळ कर्त्यानें ओढ सोसण्याची योजना केली आहे तेथें, म्हणजे मागील ओढदांड्याशीं किंवा आंसाशीं, लावावा. शक्य तों यंत्र ज्या वाटेनें आंत गेलें त्याच वाटेनें बाहेर आणावें. चाकांपुढें उतरती वाट खणून तींत लांकडी स्लीपर घालावे. आंसांस कित्येक दिवस आधींपासून तेल द्यावें. तळाशीं चिखलाची जी पकड बसलेली असते ती जॅकनें किंचित् उचलून सोडवावी. फावड्याचें काम चार दिवसांचें व विंचाचें चार घटकांचें, असें प्रमाण पडल्यास काम नीट झालें असें समजावें. आणि जेथें क्रेन पोंचूं शकते तेथें ओढण्यापेक्षां उचलणेंच बरें. जुन्या ट्रकाचा अभिमान यंत्राच्या जिवावर मिरवूं नये.

हें सर्व परदेशचें खरें. पण त्याचा संबंध आपल्या दारापर्यंत येतो. आपल्या कित्येक गडांच्या उतारांवर व दऱ्यांत तोफा पडून आहेत, आणि गेल्या कांहीं वर्षांत उत्साही तरुण दोर, साखळ्या व कप्प्या घेऊन त्या वर आणीत आहेत, लांकडी गाड्यांवर चढवीत आहेत. त्यांच्या श्रमांविषयीं आम्हांस आदरच आहे. त्यांस एवढेंच विनवावयाचें कीं, १९५८ चा केंद्रीय व १९६० चा राज्याचा कायदा ज्या स्थळांस लागू आहे तेथें पुरातत्त्व खात्याच्या परवानगीवांचून दगडहि हलवूं नये. आणि परवानगी मिळाल्यावरहि पहिल्या दिवशीं दोर न नेतां वही, मोजपट्टी व छायाचित्रणाचें यंत्र न्यावें. तोफ कोठें, कशी, कोणत्या तोंडानें पडली होती हा तिच्या इतिहासाचा शेवटचा लेख आहे. तोफ वर आल्यावर तो पुन्हां वाचतां येत नाहीं.