जनरेटरची ‘ट्रायल’ सकाळी कशाला?

इंदिरानगरात लाइट गेली की थोड्याच वेळात सोसायट्यांचे जनरेटर घरघरू लागतात. लिफ्ट आणि पाण्याच्या पंपासाठी ते लागतात. रुग्णालयांचे तर त्यांच्यावाचून चालतच नाही. पण लाइट असतानाही जनरेटर अधूनमधून चालवला जातो. ऐनवेळी दगा देऊ नये म्हणून घेतलेली ही ‘ट्रायल’. तिच्या धुराकडे मात्र फारसे कुणाचे लक्ष जात नाही.

हाच प्रश्न नवी मुंबईत कितीतरी मोठा आहे. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यातील डेटा सेंटरचे सर्व्हर क्षणभरही बंद पडून चालत नाहीत. वीज गेल्यावर बॅटऱ्या काही मिनिटे भार पेलतात. तेवढ्यात डिझेल जनरेटर सुरू व्हावे लागतात. दोन मेगावॉटचा एक जनरेटर पूर्ण भारावर तासाला सुमारे ५०० लिटर डिझेल पितो, आणि असे अनेक जनरेटर एका आवारात असतात. जिथे वीज क्वचितच जाते, तिथे वर्षभरातला बराचसा धूर चाचण्यांचाच असतो.

हा धूर जास्त त्रासदायक का? थंड इंजिनात डिझेल नीट जळत नाही. त्यात इंजिन रिकामे, म्हणजे भाराशिवाय चालवले तर न जळलेले इंधन आणि काजळी धुराच्या पाइपात साचत जाते. नव्या यंत्रांत युरियाचे द्रावण फवारून नायट्रोजन ऑक्साइड कमी करण्याची सोय असते, पण तीही धूर साधारण २०० अंशांच्या वर तापल्यावरच नीट काम करते. दहा मिनिटांच्या रिकाम्या ट्रायलमध्ये तिचा उपयोग बेताचाच.

डिझेलच्या धुरामुळे फुफ्फुसांचा कर्करोग होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्येच जाहीर केले आहे. अडीच मायक्रॉनहून बारीक कण फुफ्फुसात खोलवर जातात. दमेकऱ्यांना नायट्रोजन डायऑक्साइडही बाधतो. त्यात नाशिकची थंडी! डिसेंबर-जानेवारीत पारा १० अंशांखाली उतरतो, तेव्हा सकाळी जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते. धूर वर न जाता खालीच रेंगाळतो. नेमकी तीच वेळ फिरायला निघालेल्या आजी-आजोबांची आणि स्कूल बसची वाट पाहणाऱ्या मुलांची.

ट्रायल दुपारी, ऊन तापून हवा ढवळली गेल्यावर घेतली आणि लिफ्ट, पंप जोडून इंजिनाला पुरेसा भार दिला, तर पैसाही न खर्चता बराच फरक पडतो. डेटा सेंटरना सगळे जनरेटर एकाच दिवशी न तपासता वेगवेगळ्या दिवशी तपासता येतात.

जुलै २०२३ पासून ८०० किलोवॉटपर्यंतच्या नव्या जनरेटरना कडक निकष लागू झाले. मध्यम आणि मोठ्या आकाराच्या यंत्रांत काजळीची मर्यादा जवळपास दहापटीने खाली आली. मात्र सोसायटीतला जुना जनरेटर त्यामुळे बदलत नाही, आणि डेटा सेंटरमधले बरेच जनरेटर ८०० किलोवॉटहून मोठे असल्याने या निकषांत बसतच नाहीत. नाशिक आणि नवी मुंबई ही दोन्ही शहरे राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत आहेत, हे पाहता ही फट लहान नाही.

आणखी एक नियम जुना, पण सहज विसरला जाणारा. १०० केव्हीएच्या जनरेटरचे धुराडे तो बसवलेल्या इमारतीच्या उंचीपेक्षा दोन मीटर, तर ४०० केव्हीएचे चार मीटर वर असावे लागते. पार्किंगच्या कडेला, पहिल्या मजल्याच्या खिडकीखाली सोडलेला पाइप त्यात बसत नाही.