निवृत्तीचं घर पाहावं पावसाळ्यात

हुपरीत चांदीचं काम घरोघरी चालतं. पैंजण, जोडवी, घुंगरू घडवणारा माणूस घरातल्याच खोलीत मांडी घालून, मान खाली घालून तीस-चाळीस वर्षं बसलेला असतो. साठी जवळ येते, मुलगा धंदा सांभाळू लागतो आणि मनातली जुनी इच्छा डोकं वर काढते. आता कुठंतरी पाण्याकाठी जाऊन राहावं, सकाळी गळ टाकून बसावं, संध्याकाळी ताज्या माशाचं कालवण खावं. साखर कारखान्यातून किंवा शाळेतून निवृत्त झालेल्यांचंही तसंच. मग रविवारी गाड्या निघतात. कुणी राधानगरीच्या जलाशयाकडे, कुणी गगनबावड्याकडे, कुणी थेट मालवणला. दहा गुंठे जागा कुठं मिळेल, याची चौकशी सुरू होते.

ही इच्छा वैद्यकीयदृष्ट्या चुकीची मुळीच नाही. चांदी जोडण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या काही मिश्रधातूंत कॅडमियम असतं. त्याचा धूर वर्षानुवर्षं छातीत गेला तर फुफ्फुसं आणि मूत्रपिंडं यांना अपाय होतो. आम्लाच्या वाफा, भट्टीची धग, बारीक नजरेचं काम हे सगळं त्यात मिळवा. या सगळ्यापासून दूर जाणं, मोकळ्या हवेत चालणं, पाण्याकडे पाहत शांत बसणं यानं रक्तदाब, झोप आणि मन तिन्ही सुधारतात. झालेली हानी सगळी भरून येत नाही, पण नवी थांबते. म्हणून जागेचा इसार देण्याआधी फुफ्फुसांची स्पायरोमेट्री आणि रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घ्यावं. आपलं शरीर कोणती हवा आणि किती चढ सोसेल, हे त्यावरून कळतं.

अडचण इच्छेत नसून जागा निवडण्याच्या पद्धतीत आहे. जागा बहुधा डिसेंबरातल्या एखाद्या रविवारी पाहिली जाते. आभाळ निळं, डोंगर हिरवे, रस्ता कोरडा, सोबत चार मित्र. राहायचं मात्र बारा महिने असतं. हातकणंगले तालुक्यात वर्षाला हजार मिलिमीटरही पाऊस होत नाही. गगनबावड्यात तो पाच हजारांच्या पुढे जातो. तीन-तीन महिने भिंती ओल्या, अंथरुणं दमट, कपाटात बुरशी. ज्याला दमा किंवा जुना खोकला आहे, त्याच्यासाठी ही बुरशी त्याच धुराची धाकटी बहीण ठरते. शेवाळलेल्या पायरीवरून पाय घसरला आणि मांडीचं हाड खुब्याजवळ मोडलं, तर साठीनंतर पुन्हा पूर्वीसारखं चालता येईलच याची खात्री नसते. वीज दोन-दोन दिवस गेली तर फ्रिजमधल्या इन्सुलिनचं काय? मातीच्या ओल्या भांड्यात कुपी ठेवून वेळ निभावता येते, पण ते आधी ठाऊक हवं.

सर्वात मोठा प्रश्न वेळेचा. मेंदूत गुठळी अडकून अर्धांगवायू झाला, तर ती विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन व्हावा लागतो. हृदयविकाराच्या झटक्यात जाणारं प्रत्येक मिनिट हृदयाचा थोडा स्नायू घेऊन जातं. हुपरीहून इचलकरंजी हाकेच्या अंतरावर आहे, कोल्हापूरही वीसेक किलोमीटरच. राधानगरी आणि गगनबावडा कोल्हापूरपासून पन्नासेक किलोमीटरवर आहेत. कोरड्या रस्त्यानं हे अंतर दीड तासात कापता येतं. पण पुरात गगनबावड्याच्या रस्त्यावर पाणी येतं, घाटात दरड कोसळते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पुणे-बंगळूर महामार्गसुद्धा कोल्हापूरजवळ बंद पडला होता, तिथं आडरस्त्याचं काय बोलावं? मालवण परिसरातल्या गंभीर रुग्णांना तर आजवर अनेकदा गोव्यातल्या बांबोळीपर्यंत न्यावं लागलं आहे. राज्यात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे, तिचा मोठा आधार आहे. पण रुग्णवाहिकेलाही रस्ता लागतोच.

आता थोडं माशांविषयी. मृगाचा पाऊस झाला की चढणीचे मासे धरायला माणसं ओढ्यात उतरतात. याच दिवसांत उंदीर, गुरं यांच्या मूत्रातून पाण्याचिखलात मिसळलेले लेप्टोस्पायरा जंतू पायाच्या बारीक भेगेतून शरीरात शिरतात. एक-दोन आठवड्यांनी ताप, पोटऱ्यांत असह्य दुखणं, डोळे लाल आणि मग कावीळ, मूत्रपिंड निकामी होणं, असा हा लेप्टोचा प्रवास. सिंधुदुर्गात हा आजार चांगलाच परिचयाचा आहे. वेळेत ओळखला तर साध्या प्रतिजैविकानं बरा होतो. "पावसाळी ताप" म्हणून अंगावर काढला तर जिवावर बेततो. पावसाळ्यात रोज पाण्यात उतरणाऱ्यानं गमबूट वापरावेत आणि आठवड्याला घ्यायच्या डॉक्सिसायक्लीनबद्दल आधीच डॉक्टरांना विचारावं. गवतातल्या बारीक किड्यांमुळे होणारा स्क्रब टायफसही याच काळातला. दोडामार्ग-बांदा भागात २०१६ मध्ये गोचिडांमुळे पसरणाऱ्या माकडतापानं माणसं दगावली होती. म्हणून रानातून परतल्यावर अंग नीट तपासणं, ही सवयच करायला हवी.

शिंगाळ्याचा काटा हातात घुसला तर हात सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा-पाऊण तास बुडवावा, वेदना कमी होते. पाणी आधी दुसऱ्या, चांगल्या हातानं तपासावं, नाहीतर काट्याबरोबर भाजल्याची जखमही व्हायची. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं. मधुमेह किंवा यकृताचा आजार असलेल्यानं खाडीच्या पाण्यातली जखम क्षुल्लक समजू नये. काही तासांत हात सुजून लालभडक झाला तर सकाळची वाट पाहायची नाही. राधानगरी धरणाचे सात दरवाजे पाणी भरलं की आपोआप उघडतात. खाली भोगावतीच्या पात्रातल्या खडकावर गळ टाकून बसलेल्याला तेव्हा काठ गाठायला वेळ मिळेलच असं नाही. शिवाय जलाशयातली मासेमारी बहुधा ठेक्यानं दिलेली असते आणि भोवती अभयारण्य आहे. तेव्हा गळ टाकण्याआधी परवानगीची चौकशी करावी. आणि गळ टाकून बसणं हेही बसणंच आहे. ज्याची कंबर आणि गुडघे चाळीस वर्षं मांडी घालून झिजले, त्यानं सोबत लहान स्टूल न्यावं आणि अर्ध्या तासानं उठून चार पावलं टाकावीत.

फुरसं, घोणस, मण्यार, नाग यांचा वावर या सगळ्या पट्ट्यात आहे. जागा पाहायला जाल तेव्हा विहिरीच्या पाण्याबरोबरच जवळच्या आरोग्य केंद्रात प्रतिसर्पविष आहे का, रात्री डॉक्टर असतात का, हेही विचारावं. विंचूदंशानं कोकणात पूर्वी मुलं, माणसं दगावत. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या साध्या गोळीचा उपयोग दाखवून दिला आणि चित्र बदललं. औषध स्वस्त असलं तरी ते वेळेत मिळणारी जागा जवळ असावी लागते, हाच त्यातला धडा.

एक गोष्ट मात्र कुठल्याच सात-बाऱ्यावर दिसत नाही. अमेरिकेतील संशोधक ज्युलियन होल्ट-लुनस्टॅड आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये १४८ अभ्यासांतल्या तीन लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र तपासली. ज्यांची माणसांशी नाती घट्ट होती, त्यांची जगण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे ५० टक्के जास्त निघाली. हुपरीत दार उघडलं नाही तर दहा वाजेपर्यंत शेजारीण हाक मारते. तळ्याकाठच्या एकट्या बंगल्यात ती हाक कोण मारणार? गळाची आवड बहुतेक वेळा नवऱ्याची असते. बायकोची माणसं, देऊळ, भिशी, नातवंडं सगळी गावात असतात. आणि दोघांतला एक आधी जाणार, हे ठरलेलं असतं. मागं राहणाऱ्याला त्या घरात एकट्यानं राहता येईल का, गाडी चालवता येईल का, हा प्रश्न जागा घेण्याआधी दोघांनी समोरासमोर बसून सोडवायचा असतो. बायकोचं "बघू" म्हणजे होकार नव्हे.

म्हणून घर विकून जागा घेण्याची घाई करू नये. आधी जून ते सप्टेंबर तिथंच भाड्यानं राहावं, तेही दोघांनी. जुलैतल्या एखाद्या पावसाळी संध्याकाळी घड्याळ लावून जवळच्या सीटी स्कॅनच्या सोयीपर्यंत गाडीनं जाऊन पाहावं. दीड-दोन तासांत पोचलात आणि बायकोचा चेहरा हसरा असेल, तर खुशाल पुढं जावं. नसेल, तर हुपरीतलं घर तसंच ठेवून हिवाळ्याचे चार महिने पाण्याकाठी काढावेत. मासा तेव्हाही गळाला लागतोच, आणि पावसाळ्याच्या रात्री छातीत दुखू लागलं तर हाक ऐकायला गल्ली जागी असते.