हवे तेवढेच दप्तर : संगणकीय भांडारातून निवडक भाग घेण्याची पद्धत

सातबाराचा उतारा मागणारा शेतकरी आपल्या एका गटापुरताच अर्ज करतो. साऱ्या तालुक्याचे दप्तर घरी नेण्याचा विचार त्याच्या मनास शिवतही नाही. संगणकाच्या क्षेत्रात मात्र नेमके असेच घडताना दिसते. एखाद्या मोठ्या भांडारातील एकच फोल्डर हवे असते. परंतु पद्धत ठाऊक नसल्यामुळे संपूर्ण भांडार उतरवून घेतले जाते. शाळेची जोडणी तासन् तास अडकून पडते, डेटा खर्ची पडतो आणि जुन्या संगणकातील जागाही संपते.

भांडार एवढे मोठे का?

संगणकाचे कार्यक्रम, अक्षरमुद्रा, नकाशे इत्यादी साहित्य ठेवण्यासाठी आज ‘गिट’ ही प्रणाली सर्वत्र वापरली जाते. लिनक्स या कार्यप्रणालीच्या विकासासाठी लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये ती निर्माण केली. प्रत्येक बदल कोणी, केव्हा व कोणता केला याची नोंद तीत कायम राहते. गावच्या फेरफार नोंदवहीशी तिचे साम्य सहज ध्यानी येईल. मात्र एक भेद आहे. गिटमधून प्रत घेणाऱ्यास केवळ आजची स्थिती मिळत नाही, तर आरंभापासूनचा सर्व इतिहासही त्याच्या संगणकावर येतो. या ओझ्याचा अनुभव मोठमोठ्या कंपन्यांनीही घेतला आहे. मायक्रोसॉफ्टने २०१७ च्या सुमारास विंडोजची संहिता गिटमध्ये आणली, तेव्हा तीत सुमारे ३५ लाख फायली होत्या व भांडाराचा आकार सुमारे ३०० गिगाबाइट झाला होता. नेहमीच्या पद्धतीने त्याची प्रत घेण्यास १२ तासांहून अधिक वेळ लागे. या अडचणीतूनच निवडक भाग घेण्याच्या सोयींना चालना मिळाली.

तीन वेगवेगळ्या सोयी

या बाबतीत तीन सोयी उपलब्ध असून त्यांतील फरक नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

पहिली सोय ‘स्पार्स चेकआउट’ ही होय. भांडारातील कोणती फोल्डरे आपल्या संगणकावर मांडावयाची, हे तिने ठरविता येते. ती २०१० पासून गिटमध्ये आहे. २०२० मध्ये तिच्यासाठी स्वतंत्र व सोपी आज्ञा आली. दुसरी सोय ‘पार्शल क्लोन’ ही होय. हिच्यामुळे फायलींचा मजकूर प्रारंभी येत नाही. जो लागेल तोच मागाहून मागविला जातो. तिसरी सोय ‘शॅलो क्लोन’ असून तीत जुना इतिहास वगळून अलीकडील नोंदीच घेतल्या जातात.

अनेकांची फसगत होते ती येथेच. केवळ पहिली सोय वापरली तर फोल्डर एकच दिसते. परंतु पडद्याआड सर्व भांडार उतरलेलेच असते. जागा थोडी वाचते, डेटा वाचत नाही. म्हणून पहिली व दुसरी या दोन्ही सोयी एकत्र वापरणे हिताचे ठरते.

एक उदाहरण

मराठी मजकुरासाठी उपयुक्त अशा अनेक मुक्त अक्षरमुद्रा ‘गूगल फॉन्ट्स’च्या गिटहब येथील भांडारात आहेत. सर्व भांडार एक गिगाबाइटहून मोठे आहे. त्यातील ‘ओएफएल’ या फोल्डरात प्रत्येक अक्षरमुद्रेचे स्वतंत्र फोल्डर असते. मुंबईच्या एक टाइप या संस्थेची ‘मुक्ता’ ही जाडीच्या सात प्रकारांतील अक्षरमुद्रा, परवान्याच्या प्रतीसह, तेथे मिळते.

एखाद्या शाळेस तेवढेच हवे असल्यास कृती अशी : ‘गिट क्लोन’ या आज्ञेस ‘फिल्टर’ हा पर्याय ‘ब्लॉब:नन’ या मूल्यासह व ‘स्पार्स’ हा दुसरा पर्याय जोडून भांडाराचा पत्ता द्यावा. नंतर तयार झालेल्या फोल्डरात जाऊन ‘गिट स्पार्स-चेकआउट सेट’ या आज्ञेपुढे ‘ओएफएल/मुक्ता’ असा मार्ग लिहावा. पुढे आणखी एखादे फोल्डर हवे झाल्यास ‘सेट’ऐवजी ‘ॲड’ लिहावे. ‘सेट’ पुन्हा वापरल्यास आधीची निवड जाऊन नवी लागू होते, हे ध्यानात ठेवावे. ‘डिसेबल’ म्हटले की सर्व फायली मागविल्या जातात. म्हणून ती आज्ञा जपून द्यावी.

घ्यावयाची काळजी

या पद्धतीने घेतलेली प्रत ही अपुरी प्रत आहे, याचा विसर पडू नये. न उतरलेल्या फायली व जुन्या आवृत्त्या पाहण्यासाठी मूळ भांडाराशी जोडणी लागते. ते भांडार उद्या बंद पडले, तर जे घेतले नाही ते हातचे गेलेच. म्हणून जतनासाठी प्रत ठेवावयाची असेल, तर एका ठिकाणी तरी ती पूर्ण घ्यावी व रोजच्या कामापुरती निवडक ठेवावी. फायली पुढे कोणास द्यावयाच्या असल्यास त्यांच्यासोबतची परवान्याची प्रतही द्यावी.

साधने मर्यादित असलेल्या शाळा व ग्रामपंचायतींना ही काटकसर विशेष उपयोगाची आहे. उताऱ्याने भागते तेथे उतारा घ्यावा. मात्र मूळ दप्तर कोठे आहे व ते शाबूत आहे की नाही, याची खातरजमाही अधूनमधून करीत राहावी.