आधी दुबळा हात, मग बळकट हात

मालवण, तारकर्ली, देवबागच्या किनाऱ्यावर रापण ओढताना तुम्ही पाहिली असेल. जाळ्याच्या दोन टोकांना दोन दोर आणि प्रत्येक दोरावर माणसांची रांग. एका बाजूचा जोर कमी पडला की जाळं तिरकं येतं. मग जोरकस बाजूला जरा थांबावं लागतं आणि मागे पडलेल्या बाजूला गाठू द्यावं लागतं. वजनं उचलण्याच्या व्यायामातही हेच धोरण उपयोगी पडतं.

व्यायामशाळेत येणारी मुलं मला हमखास विचारतात, "सर, उजवा हात भरला, डावा मागे राहिला. काय करू?" मी प्रथम सांगतो, थोडा फरक असणं हा दोष नव्हे. आडाळ्यावर नारळ खवणं असो की कोयता चालवणं, आपला एकच हात पुढे असतो. उजव्या हाताने कामं करणाऱ्यांची उजवी मूठ डावीपेक्षा साधारण १० टक्के बळकट असते. डावखुऱ्यांत हा फरक बराच कमी असतो. टेनिसपटूंच्या खेळणाऱ्या हाताचं तर हाडसुद्धा दुसऱ्यापेक्षा जाड आढळतं.

फरक वाढतो तो व्यायामाच्या पद्धतीमुळे. लांब दांड्याचा बारबेल दोन्ही हातांनी उचलताना बळकट हात नकळत जास्त भार घेतो. दुबळ्याला सवलत मिळते आणि तो दुबळाच राहतो. म्हणून काही काळ बारबेलऐवजी प्रत्येक हातात स्वतंत्र डंबेल घ्यावा. डंबेल नसेल, तर पाण्याने भरलेली लिटरची बाटली म्हणजे एक किलो वजन. तीच ओल्या वाळूने ठासून भरली, तर जवळजवळ दोन किलो.

आता हिशेब पाहा. एकच वजन दोन्ही हातांनी वेगवेगळं उचला. अंग न झुकवता, झटका न देता किती वेळा उचललं ते मोजा. समजा डावा ८ वेळा उचलतो आणि उजवा १२ वेळा. तर रोजची सुरुवात डाव्याने करा, ८ वेळा. मग उजव्यानेही तितकंच वजन, ८ वेळाच. उजवा आणखी करू शकतो, पण करायचं नाही. डाव्याला झेपेल तेव्हाच आकडा वाढवायचा. आठवड्यातून दोन-तीन दिवस पुरेत. मध्ये एक दिवस विश्रांती हवी. डाव्याला घाईने दुप्पट व्यायाम दिला, तर खांदा किंवा कोपर दुखावण्याची भीती असते.

पहिल्या काही आठवड्यांत दंड फुगलेला दिसणार नाही, तरी ताकद वाढेल. कारण सुरुवातीला मेंदू आणि मज्जातंतू स्नायूंना नीट कामाला लावायला शिकतात. स्नायू भरतात ते नंतर.

बळकट हाताला मात्र पूर्ण सुट्टी देऊ नका. १८९४ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठात एडवर्ड स्क्रिप्चर यांनी एकाच हाताला मूठ आवळण्याचा सराव देऊन पाहिला. सराव न दिलेल्या दुसऱ्या हाताचीही ताकद वाढली! म्हणूनच एक हात प्लास्टरमध्ये असला, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने दुसऱ्याचा व्यायाम चालू ठेवणं फायद्याचं ठरतं.

शेवटी एक महत्त्वाची गोष्ट. प्रत्येक दुबळेपणा व्यायामाने जाणारा नसतो. हाताला मुंग्या येतात, बधिरपणा वाटतो, वस्तू हातातून निसटतात किंवा दंड दिसण्याइतका बारीक होत चालला आहे, असं असेल तर मानेतली नस दबलेली असू शकते. आधी डॉक्टरांना दाखवा. आणि एक हात अचानक लुळा पडला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर तो पक्षाघात असू शकतो. तेल चोळत बसू नका. मिनिटाचाही विलंब न करता रुग्णालय गाठा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)