आपलेच, पण अनोळखी

टिटवाळ्याच्या महागणपतीला लोक ‘विवाहविनायक’ म्हणतात. कण्वमुनींचा आश्रम याच परिसरात होता, त्यांच्या सांगण्यावरून शकुंतलेने गणपतीची आराधना केली आणि ओळख विसरलेला दुष्यंत तिला परत मिळाला, अशी इथली आख्यायिका. अंगारकीला लोकल भरभरून येतात त्या याच श्रद्धेने. लग्न जमतं, नवस फेडला जातो. मग दोनेक वर्षांत पाळणा हलला नाही की सुनेच्या सोनोग्राफ्या सुरू होतात. मुलाची वीर्यतपासणी सगळ्यात शेवटी, तीही कुरकुरत. दुष्यंतासारखा ओळखीचा घोळ पुरुषाच्या शरीरातही होऊ शकतो, हे फार कमी घरांना माहीत असतं.

आपलं कोण आणि परकं कोण, याचे पहिले धडे प्रतिकारशक्ती जन्माच्या आगेमागे गिरवते. शुक्रजंतू मात्र वयात आल्यावर तयार होऊ लागतात. त्यांच्यात गुणसूत्रं निम्मी, म्हणजे 23, आणि अंगावर शरीराने पूर्वी कधी न पाहिलेली प्रथिनं. पांढऱ्या पेशींच्या लेखी हे घुसखोरच. रक्तगट शोधणाऱ्या कार्ल लँडस्टायनर यांनी 1899 मध्येच दाखवलं होतं, की प्राण्याला शुक्रजंतू टोचले तर त्यांच्याविरुद्ध प्रतिकार उभा राहतो. 1954 मध्ये मूल न होणाऱ्या काही पुरुषांच्या रक्तात स्वतःच्याच शुक्रजंतूंविरुद्धची प्रतिपिंडं सापडली.

मग बहुतेक पुरुषांत हा तंटा का होत नाही? वृषणातल्या सूक्ष्म नलिकांना आतून सर्टोली पेशींचं अस्तर असतं. एन्रिको सर्टोली या इटालियन शास्त्रज्ञाने त्यांचं वर्णन 1865 मध्ये केलं. या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट जोडलेल्या असतात, की रक्तातल्या पेशी आणि प्रतिपिंडं सहसा आत शिरत नाहीत. तयार होणारी बीजपेशी बाहेरून आत सरकते तेव्हा तिच्या मागे नवा सांधा आधी जुळतो आणि पुढचा जुना नंतर सुटतो. वाट मोकळी होते, पण दार उघडं राहत नाही.

नुसत्या भिंतीवर मात्र भागत नाही. शुक्रजंतूंची काही प्रथिनं नलिकेबाहेर झिरपतातच. तिथे ‘टी-रेग’ नावाच्या नियंत्रक पेशी बाकीच्यांना आवर घालतात. उंदरांमधल्या या पेशी काढून टाकल्या, तर प्रतिकारशक्ती त्यांच्याच वृषणावर उलटते. वृषणातल्या मॅक्रोफेज पेशी दाह शमवणारी रसायनं सोडतात, टेस्टोस्टेरॉनही तोच कल राखतं.

वृषणाला चिकटलेलं अधिवृषण म्हणजे सुमारे सहा मीटर लांबीची, गुंडाळून काही सेंटिमीटरांत बसवलेली नळी. शुक्रजंतू पोहायला शिकतात ते इथे. इथली भिंत वृषणाइतकी पक्की नाही, म्हणून बंदोबस्त वेगळा: डेंड्रायटिक पेशी आणि मॅक्रोफेज अस्तराच्या पेशींमधून बारीक फाटे आत खुपसून बसलेल्या असतात. शुक्रजंतूंकडे काणाडोळा करायचा आणि मूत्रमार्गाकडून चढणाऱ्या जिवाणूंना अडवायचं, अशी ही दुहेरी नोकरी.

बिघडतं ते इजा झाली, वृषणाला पीळ पडला, क्षयरोग किंवा लैंगिक संसर्ग अधिवृषणापर्यंत पोहोचला तर. वयात आल्यावर गालगुंड झाले, तर साधारण तीन-चार पुरुष रुग्णांत एकाचं वृषण सुजतं. सरकारी लसीकरणात गोवर-रुबेला आहे, गालगुंड नाही. गालगुंडापासूनही वाचवणारी एमएमआर लस खासगीत मिळते, हे मुलग्यांच्या पालकांनी लक्षात ठेवावं.

दुसरं कारण नसबंदी. 1960च्या दशकात मुंबईच्या रेल्वे स्थानकांवर नसबंदीची केंद्रं थाटली गेली होती. शस्त्रक्रियेनंतरही शुक्रजंतू बनतच राहतात, साचतात आणि मॅक्रोफेज त्यांचा फडशा पाडतात. निम्म्याहून अधिक पुरुषांत मग प्रतिपिंडं तयार होतात. माकडांवरच्या प्रयोगांनंतर याने हृदयविकार बळावेल अशी धास्ती होती. माणसांच्या मोठ्या पाहण्यांत तसं आढळलं नाही. मात्र नस पुन्हा जोडली तरी प्रतिपिंडं उरू शकतात आणि दिवस राहायला आडवी येऊ शकतात.

या प्रतिपिंडांवर मुंबईतही काम झालं. परळला 1970 मध्ये प्रजनन संशोधन संस्था सुरू झाली. 6 ऑगस्ट 1986 रोजी केईएम रुग्णालयात हर्षा चावडा या टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म झाला, तो या संस्थेच्या आणि डॉ. इंदिरा हिंदुजांच्या एकत्रित कामातून. याच संस्थेत डॉ. आत्माराम बांदिवडेकर आणि सहकाऱ्यांनी शुक्रजंतूवरच्या 80 किलोडाल्टन वजनाच्या एका प्रथिनाचा अभ्यास केला. त्याविरुद्धची प्रतिपिंडं वंध्यत्वाशी जोडलेली आहेत. उंदरांना ते टोचलं तर प्रजननक्षमता जाते. रोग समजला की उलट्या बाजूने गर्भनिरोधक लशीचीही वाट दिसते, ती अशी.

निदानाची चाचणी सोपी आहे. ताज्या वीर्यात लेपित लॅटेक्सचे बारीक मणी मिसळायचे आणि सूक्ष्मदर्शकातून बघायचं. प्रतिपिंडं असतील तर पोहणारे शुक्रजंतू मणी डोक्याला-शेपटीला चिकटवून ओढत फिरतात. हलत्या शुक्रजंतूंपैकी निम्म्यांहून अधिकांना मणी चिकटले तर त्याची दखल घेतात. त्यावर उपाय आहे: 1992 पासून एकेक शुक्रजंतू सुईने थेट बीजांडात सोडता येतो.

ही चाचणी सगळ्यांना लागत नाही. साधी वीर्यतपासणी मात्र लागते. दोन ते सात दिवसांचा संयम पाळून नमुना द्यायचा, शंका आली तर पुन्हा एकदा. शस्त्रक्रिया नाही, भूल नाही, सुईसुद्धा नाही. ती सुनेला दुर्बिणीच्या तपासणीसाठी टेबलावर झोपवण्याआधी व्हायला हवी.